बाज राखणारं गॅरेज

मी मागच्या गल्लीतलं गॅरेज बोलतंय. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये, मार्लीन हाल्वर्सन बाईंच्या परसात उभं आहे. उभं म्हणजे, डावीकडे चांगलंच कललेलं.

माझ्या जागी आधी दोन खोल्यांचं घर होतं. गोदीतल्या कामगाराचं सहा जणांचं कुटुंब त्यात राहायचं. ते पाडलं आणि त्याच्याच फळ्या ठोकून मला उभं केलं. पुढे सत्तर वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आजकालची गाडी आत मावत नाही, त्यामुळे माझ्यात रॅकूनच संसार करतात. शेजारचा डग्लस पेनर मला 'ती घाण' म्हणायचा.

मग बाईंच्या लेकीला, कॅरिनला, घरमालकानं जागा सोडायला सांगितलं. ती जवळच्याच इस्पितळात नर्स, आणि इकडे आईचे गुडघे कामातून गेलेले. बाईंनी ठरवलं, गॅरेज पाडून लेकीसाठी छोटंसं घर बांधायचं. बाईंचं पुढचं जुनं घर आणि चेरीचं झाड जिथल्या तिथं राहणार होतं.

अर्ज गेला आणि मी घाणीचं एकदम वारसा झालं! नगरपालिकेची जुन्या वास्तू जपणारी समिती थेट गल्लीत पाहणीला आली. शेजारी छत्र्या घेऊन जमले. प्रत्येकानं सुरुवात एकच केली, "आम्ही घरांच्या विरोधात नाही, पण..." त्या 'पण'नंतर वस्तीचा बाज, सावली आणि गाडी लावायची जागा, सगळं आलं.

गॅरेज किती जुनं, याचा पुरावा म्हणून डग्लसनं गल्लीचा जुना फोटो पुढे केला. बाईंनी चष्मा लावला.

"डग्लस, यात गॅरेज कुठाय रे? हे तर घर आहे. दोरीवर लंगोट वाळतायत, बघ."

डग्लसनं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "अगं, म्हणजे फळ्या आणखी जुन्या निघाल्या! आता तर हात लावायलाच नको."

समितीनं गंभीरपणे माना डोलावल्या. महिन्याभरात माझ्यावर पितळी पाटी आली. मला धक्का लावायचा नाही, हे सांगायला त्यांनी मला चार भोकं पाडली.

कॅरिनला परवडणारी जागा मिळाली ती प्रिन्स जॉर्जला, दिवसभराच्या वाटेवर. बाईंना एकटीनं जिने चढवेनात. शेवटी घर विकून त्याही लेकीकडे निघाल्या. सामान भरताना डग्लस घरी केलेल्या नानाइमो बार नावाच्या चॉकलेटच्या वड्या घेऊन आला. त्याचे डोळे खरंच भरले होते.

"मार्लीन, तुझ्याशिवाय ही गल्ली पूर्वीसारखी नाही राहणार गं."

"राहील की. तेवढ्यासाठीच तर भांडलास."

बाई गेल्या. मला फार वाईट वाटलं. जाताना त्यांनी माझ्या दाराला कुलूपसुद्धा लावलं नाही. आत होतं काय म्हणा!

नव्या मालका, माझं एवढंच ऐक. पाटी हवी तर नव्या घराच्या दारावर लाव, पण मला पाडून इथं घर बांध. या फळ्यांत सहा माणसं राहून गेली आहेत. वारसाच जपायचा, तर तो जप.