कागलचं बकरं

इलाही कल्हईवाल्याच्या मांड्या बघून परगावचे लोक त्याला पैलवान समजायचे. पैलवान कसला! दिवसभर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत गिऱ्हाइकांच्या हंड्यात उभं राहायचं, पायाखाली वाळू घालायची, कमरेत गिरक्या मारत हंडा लख्ख करायचा आणि मग भात्यावर बसून कल्हई. त्यातच ते पाय घडले होते. वेड मात्र सायकलीचं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं टाकून दिलेली सायकल त्यानं जीव ओतून उभी केली होती.

त्याला तयार केलं बाबालाल वस्तादांनी. पेठेतली तालीम त्यांची. सायकलीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पाय कळायचे. पहाटे आधी जोर-बैठका, मग थंडाई, मग कागलचा रस्ता. इलाही पुढं आणि वस्ताद मागं टांग्यात उभे राहून शिव्या घालणार. "आरं, चढ आला म्हंजे काय सासरा आला व्हय? मान खाली घालून काय चाललायस!" त्या सायकलीचं चाक फिरलं की पायडल फिरायचंच, त्यामुळं उतारालाही पायांना सुट्टी नसायची. दोन वर्षं उन्हातान्हात, चिखलात असं चाललं होतं. मधे कागलच्या उरुसात इलाहीनं शर्यत मारली आणि बक्षिसाचं बकरं सायकलीला आडवं बांधून घरी आणलं. निम्म्या पेठेनं त्याच्यावर ताव मारला.

त्या साली साहेबलोकांच्या क्लबानं आपली शर्यत पहिल्यांदाच सगळ्या हौशी सायकलवाल्यांना खुली केली. शहराच्या नाक्यावरनं कागलच्या वेशीपर्यंत जायचं आणि माघारी. जिंकणाऱ्याला चांदीचा कप, शिवाय पुण्याच्या मोठ्या शर्यतीला तो संस्थानाकडून जाणार. कपाचं इलाहीला काही नव्हतं. पुण्यात हजार माणसांपुढं कुणीतरी 'कोल्हापूरचा इलाही' अशी हाक मारावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. त्यासाठी तो दोन वर्षं झिजला होता.

शर्यतीच्या सकाळी वस्तादांनी त्याला नाक्यावर आणलं आणि कुस्तीच्या फडात करतात तेच केलं. फडात वस्ताद आपल्या पठ्ठ्याचा हात वर धरून फिरवतो, त्यानं आजवर काय काय मारलंय ते ओरडून सांगतो, म्हणजे त्याला तोलामोलाची जोड मिळते. त्यात बढाई नसते, ती रीतच आहे. बाबालालांनी इलाहीचा हात वर केला आणि आवाज लावला, "ह्यो मंगळवार पेठेचा इलाही! रंकाळ्याची शर्यत मारली, नारळ घेतला! कागलच्या उरुसात बकरं घेतलं! हाय का कुणी जोड?"

क्लबाचे चिटणीस अंबादासराव वकील नावं लिहून घेत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"बकरं बक्षीस मिळालं, वस्ताद?"

"मिळालं म्हंजे? शिंगासकट!"

"मग हा हौशी नाही. बक्षिसासाठी सायकल चालवणारा तो धंदेवाईक. तसा नियम आहे. याचं नाव घेता येणार नाही."

वस्तादांचा हात हवेतच राहिला. आपणच मोठ्या तोंडानं सांगितलेलं आपल्याच पोराच्या मुळावर आलं, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. इलाहीला मात्र लगेच कळलं आणि तो पेटला.

"आन त्यो कप काय हाय, वकीलसायेब?"

"ते मानचिन्ह आहे."

"चांदीचं?"

"चांदीचं."

"मग आमचं बकरं बी मानाचंच हुतं की! तुमचा कप कापून पेठंत वाटता येत न्हाय, एवढाच काय तो फरक!"

लोक हसले. अंबादासराव हसले नाहीत. आता सांगा, दिवसभर हंडे घासून पोट भरणारा हा धंदेवाईक, आणि ज्यांची सायकल पुसायलासुद्धा दोन गडी, ते हौशी! पण नियम लिहिणारे तेच आणि वाचून दाखवणारेही तेच.

"रस्त्यानं जायला तरी बंदी न्हाय न्हवं?" इलाहीनं विचारलं.

"रस्ता सरकारी आहे. खुशाल जा. शर्यतीत तू नाहीस."

सगळे सुटले, धूळ खाली बसली आणि मग इलाही सुटला. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पाय वस्तादांनी शिकवले तसेच चालत होते. गोकुळ शिरगावच्या पुढं त्यानं शर्यतीतल्यांना गाठलं. कागलच्या वेशीवर माघारी फिरणाऱ्याच्या मनगटाला लाल दोरा बांधत होते. इलाहीनं हात पुढं केला, तर दोरेवाल्या कारकुनानं मान फिरवली. कागलकरांनी मात्र त्याला ओळखलं. "आरं, बकरंवाला आला!" म्हणून एकच गिल्ला झाला. माघारी येताना चढावर क्लबातला जहागीरदारांचा पोरगा तेवढा पुढं राहिला होता. इलाहीनं त्याला बाजूनं मागं टाकलं आणि वळूनही बघितलं नाही.

नाक्यावर दोन शिपाई रेशमी फीत धरून उभे होते. पुढं इलाही आहे असं दिसताच अंबादासरावांनी खूण केली आणि शिपायांनी फीत भराभर गुंडाळली. इलाही मोकळ्या रस्त्यावरनं पार झाला. मागनं जहागीरदारांचा पोरगा दिसला, तशी फीत पुन्हा ताणली आणि बँड वाजायला लागला. डोळ्यांदेखत! लाज कशी ती वाटली नाही.

पेठेतली माणसं खवळली. अंबादासराव घाईनं इलाहीजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, वर्षभर कुणाकडून काही घेऊ नकोस, अगदी नारळसुद्धा नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः तुझं नाव घालतो. पुण्याला पाठवतो."

पुण्याचं नाव ऐकताच इलाहीनं वर बघितलं. तेवढ्यात पेठेतली माणसं वाट काढत आली. त्यांच्या हातात नवा कोरा फेटा होता. वस्तादांनी वकिलांचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी तो फेटा हातात घेऊन पाठीमागं लपवला.

"नगं पोरा," ते म्हणाले. "एकदा माझ्या तोंडानं घात केला. आता फ्येट्यानं नगं."

इलाहीनं सायकल बाजूला उभी केली, तो वस्तादांच्या पुढं आला आणि मान खाली घातली.

"बांधा, वस्ताद. माझ्या माणसांचा हात मागं सारून मिळणारं पुणं मला नगं."

वस्तादांनी फेटा बांधला. त्यांनी इलाहीचा हात वर धरला आणि त्याला नाक्यावर गोल फिरवलं.

"ह्यो मंगळवार पेठेचा इलाही! रंकाळ्याला नारळ, कागलला बकरं, आन ज्याला बघून क्लबानं फीत गुंडाळली, त्या शर्यतीचा ह्यो फेटा! हाय का कुणी जोड?"

बँड थांबला होता. जहागीरदारांचा पोरगा कप हातात धरून खाली बघत होता. कुणीच पुढं आलं नाही.