चोळलेली गाठ

तुळशीरामने माशाचं डोकं जाळ्याच्या मधोमध बांधलं आणि जाळं रोडपालीच्या खाडीत सोडलं. उद्या बायकोचं, शकूचं वर्षश्राद्ध. तिच्या पानात तिच्या आवडीचा खेकडा, चिंबोरी हवीच होती.

मुलगी अंकिता बांधावर बसली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. वाऱ्याने तिचे कोरडे केस तोंडावर येत होते.

"बाय, एक इचारू?"

"विचारा ना."

"तुझे आयशीची मानेची गाठ मी चोलली. शीर भरली वाटली. गरम तेलानं, रोज, तीन आठवडे." त्याने दोरी मनगटाला गुंडाळली. "मीच ती चोलून पोटान उतरवली, नाय?"

अंकिताने दोरीकडे बघितलं.

"पाणी ढवळलं तर चिंबोरी लवकर येते का हो?"

"छट्. ढवल नायतं नको ढवलू. तिला वास लागला का ती येते."

"लिम्फोमाचं, म्हणजे रसग्रंथींच्या कॅन्सरचं तसंच असतं, बाबा. त्या पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या. हाडातला मगज, दुसऱ्या रसग्रंथी एक रसायन सोडतात. चांगल्या पांढऱ्या पेशी त्याच्याच मागावर जातात. बिघडलेल्याही तीच वाट धरतात. चोळण्यानं नाही पसरला तो."

"नक्की?"

"नक्की."

त्याने जाळं ओढलं. दोन चिंबोऱ्या डोक्याला घट्ट धरून वर आल्या. त्याने त्यांच्या नांग्या बांधल्या.

"तुला येवरा ठाव व्हता, तं वरीसभर बोलली का नाय?"

"तुमच्या मनात हे असेल असं वाटलं नाही. मी माझ्यासाठी वाचलं होतं."

"तुझेसाठी?"

"फोनवर आईला मीच म्हटलं होतं, काही नाही गं, शीर भरली असेल, बाबांकडून चोळून घे." ती पाण्याकडे बघत राहिली. "लॅबमध्ये काम करणारी मी."

तुळशीरामने चिंबोऱ्या टोपलीत टाकल्या. टोपली उचलून तो पुढे चालू लागला.

घरी आल्यावर त्याने फळीवरची तेलाची बाटली काढली. वर्षभराची धूळ धोतराने पुसली आणि वाटीत तेल कोमट केलं.

"बस इथं. केस बघ कसं झालंन."

अंकिता त्याच्या पुढ्यात बसली. त्याची बोटं केसांतून उतरत मानेपाशी आली आणि थांबली. तिने मान थोडी पुढे झुकवली.

त्याने हात परत तेलात बुडवला.