आता घर बघितलंय

शनिवारी दुपारी वसंतकाकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा, जणू लॉटरीच लागलीय. म्हणाले, "वर्षा, तुझं काम झालं बघ. उद्या अमरसिंह साहेबांना घिऊन तुमच्या घरी येतोय. तुझ्या आबांची माफी मागणार हायत ते."

मला आधी अर्थच लागला नाही. जे झालं ते माझ्याबाबतीत झालं, तर माफी आबांची कशाला? आणि घरी कशाला? मी तक्रार कंपनीत केली होती. ईमेलच्या विषयात 'लैंगिक छळ' हे शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा टाईप केले होते.

वसंतकाका म्हणजे आमच्या कंपनीचे एचआर मॅनेजर. कागल पंचतारांकित एमआयडीसीत आमचा मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. काका आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलेच, आबांबरोबर एकाच तालमीत घाम गाळलेले. मला ही नोकरी त्यांनीच लावली, त्यामुळे आबांच्या लेखी ते देवमाणूस. कंपनीच्या बोर्डावर तक्रार समितीची नावं झोकात लावली आहेत, पण त्यातल्या अध्यक्षबाई कधीच नोकरी सोडून पुण्याला गेल्या. मी समिती बसवा म्हटल्यावर काका म्हणाले होते, "समिती बसली की कागद हुतोय, कागद मालकाकडं जातोय. पोरीची जात. नाव कुणाचं खराब हुईल?"

कागद मालकाकडे का जायला नको हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. अमरसिंह यंदा प्लांट हेड होणार होता आणि तो झाला की काकांची मोठ्या ऑफिसात वर्णी लागणार होती. त्यांच्या या गोड संसारात माझी तक्रार आडवी आली होती.

"घरी नको, काका," मी म्हणाले. "घरी मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मी सांगितलंय की! सकाळीच तुझ्या आबाला, आकारामला फोन केला. गैरसमज झालाय म्हटलं, बसून मिटवू."



काय झालं होतं ते इथेच सांगून टाकते, कारण पुढे मला ते कुणीही विचारणार नाही. अमरसिंह आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. संध्याकाळी कंपनीची बस सुटायच्या तोंडावर तो रिपोर्ट मागायचा, त्यात चुका काढत बसायचा आणि बस गेली की म्हणायचा, "चल, सोडतो." पहिल्यांदा गिअर बदलताना त्याचा हात माझ्या मांडीवर आला. चुकून असेल म्हणून मी गप्प बसले, पण घर कळू नये म्हणून पेठेच्या बाहेरच उतरले. दुसऱ्यांदा त्यानं गाडी हायवे सोडून उसाच्या फडाकडे वळवली, इंजिन बंद केलं आणि दारं लॉक केली. खट्. मग माझं तोंड दाबून तो अंगावर आला. मागून उसाची ट्रॉली आली, वाट अडवली म्हणून ड्रायव्हर शिव्या घालत खाली उतरला, अमरसिंहला दार उघडावं लागलं आणि मी सुटले. तेव्हापासून रस्त्यात कुणी आपली गाडी लॉक केली तरी मी दचकून बाजूला सरते.

माझा ईमेल काकांनी त्याच दिवशी अमरसिंहला वाचायला दिला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी थांबून तो हळूच म्हणाला, "मराठी झकास लिहितीस की." एवढंच बोलून तो गेला. त्या दिवशी मी बाथरूमलासुद्धा एकटी गेले नाही.

शनिवारी संध्याकाळी घरी आले तर आबांची मटणाची तयारी चाललेली. "वसंता म्हणला, साहेब जरा वरडलं आणि तुला लागलं," ते म्हणाले. "एवढ्यासाठी तक्रार करत्यात व्हय गं?"

"आबा, तसं न्हाई ते—"

"मिटलंय न्हवं? मग मिटलं."

आई लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. फडातली गोष्ट कोणत्या शब्दांत सांगायची ते मला सुचेना. ईमेलमधले शब्द आमच्या स्वयंपाकघरात कधी कुणी उच्चारलेले नव्हते. भीती तर वेगळीच होती. साऱ्या कोल्हापुरात त्याला माहीत नसलेली हीच एक जागा मला उरली होती.

रविवारी काकांना घेऊन त्याची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. खट्. तो आवाज मला आत स्वयंपाकघरात ऐकू आला.

अमरसिंहनं आल्याआल्या आबांचे पाय धरले. "आबा, कायबी चुकलं असंल तर पोटात घाला."

"अहो साहेब, पाया कसलं पडताय!" आबा पार विरघळले. त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, शेजारी बसवलं. तासभर गप्पा झाल्या. ऊसदर झाला, फुटबॉल झाला, तालमीतले जुने पैलवान झाले. माझा विषय निघाला की सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणत होते.

"वर्षा, पावण्यास्नी पांढरा वाढ की," आबांनी हाक मारली.

मी वाढायला गेले. वाटी त्यानं मुद्दाम खालीच ठेवली, मला जास्त वाकावं लागावं म्हणून. पळीतला रस्सा ताटात सांडला. माझी धाकटी बहीण अनुजा भाकरी घेऊन आली तसं त्यानं तिला विचारलं, "कुठल्या कॉलेजला तू? सकाळचं असतंय का?" अनुजानं भाबडेपणानं सगळं सांगितलं, किती वाजता निघते, कुठल्या रस्त्यानं जाते. मी डोळे वटारले, पण तिचं लक्षच नव्हतं.

निघताना तो उंबऱ्यात थांबला. दार, माडीचा जिना, अनुजाची सायकल, सगळं सावकाश पाहून घेतलं. मग माझ्याकडे बघत आबांना म्हणाला, "आता घर बघितलंय. येत जाईन."

"याच की! तुमचंच घर हाय," आबा म्हणाले.

काकांनी वर कळस चढवला. "आकाराम, उद्यापासनं साहेबच वर्षाला गाडीतनं नेतील. एका गाडीतनं दोघं उतरली की सगळ्यास्नी कळतंय, मिटलंय म्हणून."

"लई उपकार झालं बघा," आबांनी हात जोडले.

ज्या गाडीतून सुटायला मी तक्रार केली, तीच गाडी माझ्या दारात आणून ठेवली या माणसांनी! 

सोमवारी सकाळी हॉर्न वाजला. मी चपला घालून, डबा हातात घेऊन दारात उभी होते. 

"जा की आता," चहा पिता पिता आबा म्हणाले. "माणूस थांबलाय."

"आबा," मी म्हणाले, आणि एका दमात सांगून टाकलं. "त्यानं गाडी फडात नेली. दारं लावली. माझं तोंड दाबलं आणि अंगावर आला. ट्रॉली आली म्हणून वाचले मी."

आबांचा कप हातातच राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन भिंतीला धरून उभी राहिली. पुन्हा हॉर्न वाजला. आबांना पेठेत लोक बाजूला होऊन वाट देतात. आता ते उठतील, गल्लीत जातील, त्याला गाडीतून बाहेर ओढतील, असं मला अगदी खात्रीनं वाटलं. मी वाट पाहत राहिले.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग काल त्याला जेवायला कशाला वाढलंस?"

 मी डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि दाराला आतून कडी घातली. नोकरी गेली तर गेली. निदान मी आत होते.

तेवढ्यात अनुजा कॉलेजची सॅक पाठीला लावून घाईघाईनं माडीवरून उतरली.

"ताई, सरक की. कडी कशाला लावलीस? उशीर हुतोय मला."

बाहेर हॉर्न वाजतच होता. मी कडीवरचा हात काढला नाही.