माझ्या पायाशी खणलेला चर

मित्रांनो, मी या शहराच्या तटबंदीचा एक जुना दरवाजा आहे, आणि मी रागावलो आहे. म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून कानाडोळा करू नका. आज जरा थांबा आणि ऐका.

आम्ही पाच भाऊ होतो. शहराभोवती दगडी तट आणि त्यात पाच दरवाजे. मला उभे करायला अकरा वर्षे लागली. पाथरवटांनी दगड असे घडवले की दोन दगडांच्या सांध्यात सुरीचे पाते जाऊ नये. चुना मळून मळून मजुरांच्या हातांची साले निघाली. पाया त्यांनी दोन पुरुष खोल घेतला. पुढे शत्रूने सात महिने वेढा घातला. तोफेचे गोळे माझ्या बुरुजांवर आदळत राहिले, पण मी तसूभरही हललो नाही. त्या सात महिन्यांत माझ्या देवडीत, पहारेकऱ्यांच्या खोलीत, तीन बाळे जन्मली. वेढा उठला तेव्हा लोकांनी माझ्या दगडांना मिठ्या मारल्या.

मग लढाया संपल्या आणि आमची अडचण होऊ लागली. गरज सरो, वैद्य मरो! एका भावाला रस्त्यासाठी पाडले. दोघांचे दगड उचलून नेऊन कचेरीच्या पायऱ्या बांधल्या. चौथा एका गोदामाची मागची भिंत झाला आहे. मी तेवढा उरलो, कारण रस्ता माझ्या पोटातूनच जातो.

माझ्या डाव्या बुरुजाला टेकून एक कुलूपवाला तीस वर्षे बसत असे. सगळे त्याला किल्लीकाका म्हणत. पुढ्यात कानस, पक्कड आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. तो म्हणायचा, "लोकांची दारं मी सांभाळतो, आणि हा दरवाजा मला." माझ्या अंगावरची प्रत्येक भेग त्याला ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी सांडपाण्याचे नळ टाकायचे ठरले. नकाशात चर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. पण तिकडे खाली कातळ लागला. मग अभियंत्याने खोदाईचे यंत्र अलीकडे आणले आणि थेट माझ्या पायाशी लावले.

किल्लीकाका धावत गेला. "साहेब, इथं खणू नका. पाया उघडा पडतोय. भेगेतून चुना गळतोय, बघा तरी!"

"काका, तुम्ही किल्ल्या करा," अभियंता हसून म्हणाला. "चार दिवसांचं काम आहे."

काकाने कचेरीत अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने तो दुसऱ्या खिडकीत पाठवला आणि दुसऱ्या खिडकीने परत पहिलीत. इकडे यंत्राचे दात माझ्या पायाच्या दगडांत घुसत होते. मित्रांनो, मी तोफा सोसल्या, पण तेव्हा निदान शत्रू समोर उभा होता!

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या आत काहीतरी कडकन तुटले. काकाच्या खांद्यावर मूठभर चुना पडला. त्याने वर पाहिले आणि समोरून प्रवाशांनी भरलेली बस येताना पाहिली. कानस, किल्ल्या, सगळे तिथेच टाकून तो रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला.

चालकाने करकचून ब्रेक दाबला. "काका, मरायचंय का?"

"तुम्ही मरू नये म्हणून उभा आहे! मागे घे, मागे घे म्हणतो ना!"

बस मागे सरकली आणि माझा डावा बुरूज कोसळला. बसमधल्या कोणाला खरचटलेही नाही. काकाचा मात्र डावा पाय एका दगडाखाली सापडला. तो दगड माझा होता. हे मी कधीच विसरणार नाही.

आठवड्याने चौकशीसाठी कचेरीच्या मोठ्या बाई आल्या. अभियंत्याने तोवर माझ्या अंगावर पाटी ठोकली होती: 'धोकादायक वास्तू'. तो बाईंना म्हणाला, "मॅडम, वय झालं होतं. आज ना उद्या पडणारच होता. उरलेलाही पाडून टाकू."

वय झालं होतं! माझ्या चुन्याचा कण न् कण संतापला. पण मला तोंड नाही.

काकाला होते. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, शेजारी बायको. तो म्हणाला, "बाई, वरून बघून काही कळायचं नाही. चरात उतरा."

"तिथं चिखल आहे, मॅडम," अभियंता घाईने म्हणाला.

काकाने कुबडी बायकोच्या हातात दिली, चराच्या काठावर बसला आणि बसल्या बसल्याच खाली घसरला. "अहो, पाय! पायाकडे बघा!" बायको ओरडली. खालून त्याचा आवाज आला, "पायाकडेच बघायला आलोय!"

बाई क्षणभर थबकल्या. मग चपला काढून त्याही उतरल्या. चराचा तो भाग ढिगाऱ्यापासून दूर होता आणि अजून उघडा होता. पायाचे दगड अर्धे कापलेले होते आणि त्यांवर यंत्राच्या दातांचे पांढरे, ताजे ओरखडे होते. बाईंनी त्यांवरून बोट फिरवले आणि वर पाहिले.

"नकाशा आणा," त्या म्हणाल्या. अभियंत्याच्या तोंडचे पाणी पळाले.

मी वाचलो. चर बुजवला गेला, पाटी उतरली. तुम्हाला वाटेल, आता राग कशाला? ऐका. अभियंत्याची फक्त बदली झाली. बुरुजाचे दगड पुन्हा रचायचे म्हणून त्यांवर आकडे घातले, ते दोन पावसाळ्यांत पुसले गेले. आणि किल्लीकाका लंगडतो. माझ्याजवळ बसायला आता मनाई आहे, म्हणून तो पलीकडे उन्हात बसतो. बसमधल्या एकानेही येऊन त्याची विचारपूस केली नाही. मी रोज बघतो, म्हणून सांगतो.

मित्रांनो, मला हार नकोत, रंग नको, माझ्यासमोर उभे राहून काढलेले फोटोही नकोत. एवढेच करा. माझ्यासारख्या कोणाच्या पायाशी कुणी खणू लागले, तर जवळ जा आणि विचारा, "कोणाच्या परवानगीने?" ते हसतील. तुम्हाला दुसऱ्या खिडकीत पाठवतील. तरीही उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.