सेलूचं सुपारीचं बाकडं

मित्रांनो, सेलूच्या स्टेशनाबाहेर बुटाची नाडी बांधायला तुम्ही ज्याच्यावर पाय ठेवता, ते जुनं बाकडं मीच. बन्सीधर हॉटेलवाल्यानं मला बाभळीच्या लाकडाचं करून घेतलं ते चहा पिणाऱ्यांसाठी. पण बसू लागले कलावंत. जत्रांचे दिवस जवळ आले की गाणाऱ्या बाया, ढोलकीवाले, सोंगाडे माझ्यावर येऊन बसत. झरीची, वालूरची मंडळी येत, पसंत पडेल त्याच्या हातावर सुपारी ठेवत. सुपारी घेतलेला लगेच उठून उभा राही. बसलेला मोकळा, उभा तो ठरलेला. उभ्याला विचारणं म्हणजे दुसऱ्या गावाचा कलावंत पळवणं. आणि कलावंतानं आपण होऊन काम मागणं कमीपणाचं. तेव्हा माझा थाट काय सांगू. बन्सीधर दर पोळ्याला मला तेल पाजायचा.

मग नामांतरावरून मराठवाडा पेटला. त्या साली कुणी फिरकलंच नाही. पुढं सगळं निवळलं, तोवर जत्रांत व्हिडिओवरचे सिनेमे आले. मी रिकामं पडू लागलं.

सरजाबाई मात्र येत राहिल्या. त्या गायच्या, नवरा रंगनाथ ढोलकी वाजवायचा. यंदा काम मिळालं नाही तर ढोलकी विकून ऊसतोडीला जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. त्या दिवशी रंगनाथ तापानं फणफणला होता. त्याला आडवं होता यावं म्हणून सरजाबाई उठून उभ्या राहिल्या. नेमके तेव्हाच वालूरचे महालिंगअप्पा आले. त्यांनी बाईंकडं पाहिलं आणि न बोलता आत चहाला गेले. बाई आशेनं दाराकडं बघत उभ्याच. मला तोंड असतं तर मी ओरडलं असतं. माझा जीव नुसता तळमळत होता.

गाडीची वेळ झाली. रंगनाथला सावरत बाई स्टेशनात गेल्या. तेव्हा कुठं बन्सीधरनं आत विचारलं, “अप्पा, सरजाबाईला सुपारी न्हाई दिली?”

“तिलाच द्यायला आलतो. पर ती उभी व्हती. कुणाची तरी घेतली आसंल म्हनलं. कसं इचारावं?”

“अवो, नवऱ्याला टेकायला जागा दिली व्हती तिनं.”

अप्पा सुपारी मुठीत धरून फलाटाकडं पळाले. गाडी सुटली होती.

ढोलकी त्याच आठवड्यात विकली गेली. सरजाबाई पुन्हा माझ्यावर बसल्या नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल पाय ठेवा. पण कुणी गुमान उभं दिसलं, तर त्याचं सगळं ठीक आहे असं धरून पुढं जाऊ नका. थांबा, आणि त्याला विचारा.