शिवेवरचं लगन

पियुषच्या घरची उष्टी हळद आमच्या ओट्यावर आली, आणि तिच्यासोबतच लढाईची बातमी आली.

हळद आणली लोकेशनं, नवरदेवाच्या धाकट्या भावानं. हातात वाटी, तोंड उतरलेलं. "आजी, दादाले पलटणीतून फोन आला. सुट्टी रद्द. आज सांजेच्या गाडीनं बल्लारशाहून निघाचं आहे."

पाकिस्तानशी जुंपल्याचं टीव्हीवाले सकाळपासून ओरडतच होते. पण ती लढाई सावली तालुक्यातल्या माझ्या ओट्यावर येऊन बसेल, असं काही वाटलं नव्हतं. लगन उद्याचं. मांडवावरची जांभळीची पानं अजून हिरवीगार.

माझा पोरगा देवाजी, नवरीचा बाप, मटकन खाली बसला. आमच्या घरात पुरुष बसले की मला उभं राहावं लागते.

"वाटी तिथीच ठेव," मी लोकेशला म्हटलं.

नवरदेवाच्या अंगची हळद पोरीला लागली की पोरगी बांधली गेली. मग लगन राहिलं तर ती ना इकडची ना तिकडची, आणि गावाच्या तोंडाला झाकण नसते. सीमेवर गेलेल्या पोराचं काय सांगावं? वाटी परत गेली तर पोरगी मोकळी. दिवाळीत आला तर दिवाळीत पाहू. मी असा सरळ विचार केला आणि तसं बोलूनही दाखवलं.

तेवढ्यात मयुरी बाहेर आली. माझी नात. नर्सिंग शिकली, पण हट्ट आमच्याच घरचा.

"आजी, वाट तं मी पाहीनच. पण त्याची बायको होऊन पाहीन."

पाच सवाष्णी पाटाभोवती उभ्याच राहिल्या. पोरगी वाकली, वाटीत हात घातला आणि आपल्याच हातानं दोन्ही गालांना हळद फासली. अशी नवरी मी जन्मात पाहिली नाही. बायांनी तोंडाला पदर लावले.

"बेशरम," मी म्हटलं. आणि देवाजीला सुगंधाबाईला फोन लावायला सांगितलं.

सुगंधाबाई म्हणजे पियुषची आजी. त्यांचं गाव गडचिरोलीच्या बाजूला. त्यांच्या-आमच्या मधात फक्त वैनगंगा.

"नवरदेव घेऊन या, दुपारीच लावून देऊ," मी म्हटलं.

"हळदीचा नवरदेव गावाची शिव नाई ओलांडत, कमळाबाई. लगन लागलं की कुठीही जाऊ द्या. तुम्हीच पोरगी घेऊन या."

"माही पोरगी काय बाजारातलं वांगं आहे, टोपलीत घालून दारोदार नेऊ? अन् हळद तिलेही लागली. तिले शिव नाई का?"

"मंग कसं करता?"

"तुम्हीच सांगा. सारी रीत तुमच्याच घरी आहे."

कोणीच फोन ठेवेना. लोकेश नुसता घड्याळाकडे पाहत होता. मी वाटीकडे पाहिलं, पोरीच्या गालांकडे पाहिलं. आमची शिव नदीत संपते. सुगंधाबाईची तरी कुठं संपते?

"सुगंधाबाई," मी म्हटलं, "नदीत या."

उन्हाळ्यात चैतू ढिवराची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी नदीच्या रेतीतच असते. त्याला विचारलं, शिव कुठी आहे?

"मावशी, तलाठी म्हणते मधात. आता मधात तं ही धारच आहे."

भर दुपारी रेती अशी तापली होती की वऱ्हाडी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. बँडवाला काठावरूनच वाजवत होता. घोट्याभर पाण्याची धार. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. अंतरपाटाचं एक टोक देवाजीकडे, दुसरं लोकेशकडे. अक्षता पाण्यात पडल्या आणि बारक्या मासोळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या.

"पहिली पंगत बसली," सुगंधाबाई पलीकडून म्हणाल्या. मला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

हार पडले. मग खरी अडचण कळली. पियुषच्या गाडीची वाट आमच्या काठावरून, आणि पोरीचं सासर पलीकडे. लगन लागल्याबरोबर दोघं दोन दिशांना.

"मी त्याले गाडीत बसवून येतो," मयुरी म्हणाली.

"माप ओलांडल्याबिगर नवी सून कुठी जात नाई," सुगंधाबाई म्हणाल्या.

 बाशिंग सोडून पियुषनं आजीच्या हातात दिलं आणि खाली पाहत उभा राहिला. पोरगं लढाईला चाललं होतं, आणि त्याला बायकोसोबत दोन घटका मागायचीही लाज वाटत होती.

मी कोणाच्या दारात बोलावल्याशिवाय जात नाही. पोरीच्या सासरी तर नाहीच नाही. तरी म्हटलं, "सुगंधाबाई, जाऊ द्या तिले. रात झाली तरी मी स्वतः आणून देतो. माप तुमच्याच दारात ओलांडेल."

बाईंनी मला खालून वर पाहिलं. "मंग जेवूनच जाल. उपाशी पाठवणार नाई."

पियुषनं पाण्यात पाय टाकला. मयुरीनं अलीकडून हात दिला. चैतूनं एक डांगर फोडून दोघांच्या हातात फोडी दिल्या आणि दोघं खात खात रेती चढून गेले.

मांडवाची पानं वाळायच्या आत बंदुका थांबल्या. आता नदी दोन्ही काठ भरून वाहते आहे. मयुरी गडचिरोलीत दवाखान्यात लागली, आणि दसऱ्याला पियुष येतो आहे. सुगंधाबाई अजून म्हणतात की शिव धारेच्या अलीकडे, आमच्या काठाकडे होती, म्हणजे नवरदेव आमच्या हद्दीत आला नाही, आमचीच पोरगी त्यांच्या हद्दीत गेली. मी म्हटलं आहे, पाणी उतरू द्या. पोरगा आला की चौघं जाऊन पाहू.