खंडेनवमीची काडतुसं

२००९मध्ये इकडे परदेशात काडतुसांची टंचाई झाली, तेव्हा आमच्या ह्यांनी घाबरून गावातल्या दुकानातली उरलीसुरली खोकी घरी आणली. शेजारच्या इयनला मात्र सांगितलं, "माझ्याकडेही संपली." त्याची नवी द्राक्षरोपं ससे फस्त करत होते, त्यांना मारायला त्याला काडतुसं हवी होती.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला मी रायफलीशेजारी सगळी खोकी पूजेत मांडली आणि दरवर्षीसारखं इयनला प्रसादाला बोलावलं.

त्याने खोक्यांकडे पाहिलं, हात जोडले. "उद्यापर्यंत हलवायची नसतात ना?" एवढंच विचारलं.

ह्यांचा चेहरा उतरला. "तुझी रोपं थांबणार आहेत का उद्यापर्यंत," म्हणत ह्यांनी हळदकुंकवासकट निम्मी खोकी त्याच्या हातात ठेवली.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', असं म्हणून इयनने शिरा पुन्हा मागून घेतला. खोटेपणाचा विषयही काढला नाही. असा शेजारी लाभला, आणखी काय हवं?